येळवशीला गाडी देणारा माणूस

माझ्या मेव्हण्याच्या साडूंइतका गाडीवर जीव लावणारा आणि गाडीत बसणाऱ्यांचा जीव खाणारा माणूस नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण माझ्या शपथेला त्यांच्या दारात फारशी किंमत नाही, कारण पहिल्याच भेटीत मी त्यांच्यावर भलताच आळ घेतला होता. त्यांची व्हॅन एका दिवसासाठी भाड्याने मागायला मी गेलो होतो. गाडी भाड्याने घ्यायची आणि ती स्वतः चालवायची, असा प्रसंग त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदाच आलेला. आपण अगदीच अडाणी दिसू नये म्हणून जाणकार माणसं करतात तसं मी आधी टायरला बुटाने एक टोला दिला, मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टिअरिंग थोडं डावीउजवीकडे हलवून पाहिलं, खाली उतरलो आणि "जरा इंजिन बघू" म्हणत पुढचं झाकण उघडलं. आत एक प्लॅस्टिकचा डबा, दोन-तीन नळ्या आणि एक फडकं. इंजिन नव्हतं. मी झाकण हळूच मिटलं, गल्लीत कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि त्यांना चारचौघांत खाली बघायला लागू नये अशा दबक्या आवाजात म्हणालो, "आप्पा, ह्याच्यात इंजिनच नाही हो." आप्पांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तितक्याच दबक्या आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्ही आत्ता त्याच्यावरच बसून उतरलात. बुडाखाली गरम लागलं न्हाई व्हय?"

आप्पा मूळचे मुरुडचे. तिथे त्यांची थोडी शेती आहे आणि ती भाऊ बघतो. ते स्वतः तरुणपणीच नांदेडला आले आणि बावीस वर्षं त्यांनी शाळेच्या लेकरांची व्हॅन चालवली. आता शाळेच्या मोठ्या पिवळ्या बसा झाल्या, लेकरं त्यांत बसायला लागली आणि आप्पांची व्हॅन लग्नाच्या खरेदीला, देवदर्शनाला, कुणाचं सामान हलवायला जाऊ लागली. पण व्हॅनचं काम बदललं तरी आप्पा बदलले नाहीत. गाडीत बसणारा माणूस सहा वर्षांचा आहे असंच ते आजही धरून चालतात. दार सरकवून बंद करायच्या आधी ते सगळ्यांना "हात आत" म्हणून सांगतात आणि हात खरोखर आत गेले की नाही ते पाहतात. एकदा एका निवृत्त कलेक्टरसाहेबांना नांदेडहून लातूरला सोडायचं होतं. साहेब मागच्या सीटवर वर्तमानपत्र उघडून बसलेले. आप्पांनी त्यांनाही "हात आत" सांगितलं, पाण्याची बाटली घेतली का विचारलं आणि वर "सू लागली तर आदीच सांगायची, आयत्या वक्ताला न्हाई" असंही बजावलं. साहेबांनी म्हणे अहमदपूरच्या अलीकडे आदीच सांगितलं.

गावातली निम्मी कर्तीसवरती माणसं त्यांच्या व्हॅनमध्ये वाढलेली आहेत आणि आप्पांच्या डोक्यात त्या प्रत्येकाची ओळख कायमची ठरून गेली आहे. अमका म्हणजे डबा विसरणारा. तमकी म्हणजे खिडकीसाठी भांडणारी. एका डॉक्टरच्या लग्नात मी त्यांना लांबून पाहिलं होतं. नवरानवरी स्टेजवर, आजूबाजूला सगळी प्रतिष्ठित मंडळी, फोटोवाला ओरडून राहिलेला. आप्पांनी अक्षता टाकल्या, नवऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मायेने विचारलं, "आता गाडीत वकारी होत न्हाई ना बाळा?" डॉक्टरही असा गुणी, की "नाही आप्पा, आता खिडकीजवळ बसतो" असं सांगून त्यांच्या पाया पडला.

तर अशा माणसाकडे मी का गेलो, ते सांगतो. माझ्या सासऱ्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांचं शेत शिरूर अनंतपाळजवळ. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून ते नांदेडला आमच्याकडे असतात. माणूस शांत. काही मागत नाही, काही म्हणत नाही. पण यंदा मार्गशीर्ष अर्धा सरला, तसे एक दिवस माझ्या बायकोला म्हणाले, "औंदा येळवशीला मला नेता का?"

लातूरकडच्या माणसाला येळवस सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे वेळा अमावस्येला, लातूर जिल्हा घराला कुलूप लावून शेतात जातो. कडब्याची कोप उभी करतात, तिच्यात पाच पांडव म्हणून चुना फासलेले पाच दगड मांडतात, त्यांची पूजा होते. मग घरातला वडीलधारा माणूस शेताच्या चारी अंगांनी आंबील शिंपडत कानडी वळणाची एक हाळी देत फिरतो. आणि मग जेवणं. त्या दिवशीची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. त्या हंगामात शेतात जे जे हिरवं उभं असतं ते सगळं एकत्र शिजवून बेसन लावलेली भाजी. बरोबर बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. बांधावरून जाणारा अनोळखी माणूससुद्धा त्या दिवशी न जेवता पुढे सरकू शकत नाही. दादांनी ऐंशी वर्षं ही पूजा चुकवली नव्हती आणि लागोपाठ दोन वर्षं चुकली होती. डॉक्टर म्हणाले, पाय सरळ ठेवून, आडवं झोपवून, हादरे न देता नेत असाल तर न्या. आणि मग मला बाहेर बोलावून खालच्या आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षी नेऊ असं काही म्हणू नका. न्यायचं असेल तर याच वर्षी न्या."

शेजाऱ्यांच्या छोट्या गाडीत दादा आडवे मावत नव्हते. ॲम्ब्युलन्स करू म्हटलं तर दादाच उखडले. "ॲम्ब्युलन्समधनं मळ्यात उतरलो तर भावकी रडत यील. पूजेला माणूस पाहिजे का मढं?" मोठ्या गाड्या करायला गेलो, तर त्या दिवशी ड्रायव्हर म्हणून मिळेना. नांदेडमधले ड्रायव्हर एक तर लातूरकडचे होते, नाही तर लातूरकडच्या सासऱ्यांचे जावई. शेवटी शेतावर असणाऱ्या मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, येळवशीला कोण गाडी देतंय? साडूला इचारून बघा. पण त्यो सरळ उत्तर देणारा माणूस न्हाई."

आप्पांनी खरंच सरळ उत्तर दिलं नाही. इंजिनाचं प्रकरण मिटल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसून डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोपले. मग विचारलं, "पाय कुठला?"

"उजवा."

"मग डोकं ड्रायव्हरच्या मागं यील," ते म्हणाले. आणि उठून, पाना घेऊन, व्हॅनच्या मागच्या सीटा खोलायला लागले. तेच त्यांचं 'हो'. मी त्यांनाही बरोबर यायला सुचवलं, तर म्हणाले, "मी चालवायला बसलो तर तुमचा मेव्हणा मला सोडतोय का? साडू म्हणून चार दिस ठिवून घील. तुम्हीच चालवा. लायसन हाय ना?" लायसन होतं. माझ्या मनात आलं म्हणून मी विचारलंही, "पण आप्पा, तुमचं शेत मुरुडला. तुम्हालाही गाडी लागेल ना?" नटाला पाना लावलेलाच होता, मान वर न करता ते म्हणाले, "आमचं आमी बघतो." मी लगेच विश्वास ठेवला. आपल्याला जे ऐकायचं असतं ते ऐकू आलं की माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी माझं शिक्षण सुरू झालं. गावाबाहेर, लिंबगावच्या रस्त्याला. मागे गादी घातलेली. मला वाटलं आप्पा शेजारी बसतील. ते सरळ मागे गेले, गादीवर आडवे झाले, उजवा पाय ताठ केला, हात छातीवर ठेवले, डोळे मिटले आणि म्हणाले, "मी दादा. चला." मी निघालो. पहिल्याच खड्ड्याला मागून शांत आवाज आला, "दादा मेले. परत फिरवा." परत फिरवली. मग एका गतिरोधकावर मेले. मग मी ब्रेक जरा जोरात दाबला तेव्हा मेले. एकदा तर रस्ता अगदी गुळगुळीत होता तरी मेले; विचारलं तर म्हणाले, "गिअर टाकताना तुम्ही दात खाल्लेले मला हितं ऐकू आले. पेशंटला भ्या वाटतंय." दुपारपर्यंत दादा चौदा वेळा गेले. पंधराव्या फेरीला मी लिंबगावपर्यंत जाऊन आलो तरी मागून काही आवाज नाही. घाबरून गाडी थांबवली आणि वळून पाहिलं. आप्पा तोंड उघडं टाकून घोरत होते. उठल्यावर एवढंच म्हणाले, "पास."

पास करून त्यांनी तीन नियम सांगितले. दर तालुक्याला फोन करायचा. अहमदपूर ओलांडलं की काच खाली घ्यायची नाही, "तिथनं पुढं येळवस लागती. काच उघडी दिसली की जेवायला वढतेत." आणि रिव्हर्स टाकायचा नाही. "त्याला जरा मान द्यावा लागतो. दाबायचं, दम धरायचा, अन मग वढायचं. आज टाइम न्हाई शिकवायला. पुढं जायाचं असलं की मागं कशाला जावं?"

त्या संध्याकाळी ते मला घरी सोडायला आले, तेव्हा आणखी एक प्रकार झाला. घराला कुलूप होतं. दादा आत झोपलेले आणि बायको कोपऱ्यावर भाजी आणायला गेलेली. मी किल्ली काढली, आप्पांना नमस्कार केला आणि व्हॅनचं दार सरकवायला गेलो, तर ते उघडेना. आप्पांनी पुढून लॉक केलेलं. "घरात कोण दिसत न्हाई," ते म्हणाले.

"माझ्याकडे किल्ली आहे ना."

"किल्ली लेकरांकडंबी असती. ताब्यात घ्यायला माणूस पाहिजे. बावीस वर्षांत एक लेकरू मी रस्त्यावर सोडलं न्हाई." अर्धा तास आम्ही दोघं माझ्याच दारात व्हॅनमध्ये बसून होतो. शेजारचे लोक येता-जाता डोकावत होते. शेवटी बायको पिशवी घेऊन आली. आप्पांनी काच खाली करून विचारलं, "ताई, हे तुमचेच ना?" तिने मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "दिसतात तरी तसेच." तेव्हा कुठे दार उघडलं.

येळवशीच्या दिवशी सकाळी सातलाच आम्ही निघालो. दादांनी धुवट धोतर, वर नवा शर्ट, डोक्याला पटका बांधलेला. आडवं झोपून पटका विस्कटू नये म्हणून मान उचलून धरलेली. शाळेच्या दप्तरांच्या हुकाला त्यांची पूजेची पिशवी लटकत होती. बायको मागे, त्यांच्या पायाशी. लोह्याला फोन केला. आप्पांनी विचारलं, "गाडी कशी हाय?" मी म्हटलं, दादा बरे आहेत. "गाडी कशी हाय इचारलं मी." अहमदपूरला पुन्हा तेच. चाकूरला पुन्हा तेच. "मीटरचा काटा कुठं हाय? आवाज कसा यायलाय? मागनं खुळखुळ न्हाई ना?" बायको म्हणाली, "माणसाचं एका शब्दानं विचारत नाहीत बघा." दादा मागून म्हणाले, "अगं, गाडी बरी म्हणजे मी बराच की."

मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढतो. नळेगावच्या पुढचा कालवा मी स्वतः कागदावर काढलेला आहे, त्यामुळे तिकडे मी रस्ता चुकेन असं मला वाटलंच नव्हतं. पण कागदावर कालव्याच्या दोन्ही अंगांना पुरुषभर तूर उभी नसते. मोबाईलला शेताचा पत्ता नव्हता. बायकोला विचारावं, तर ती म्हणाली, "माहेरच्या रस्त्याला मी नेहमी एसटीत झोपते. फाटा आला की कंडक्टर उठवतो." दादांना शिवारातलं झाडन् झाड माहीत, पण ते आडवे, त्यांना दिसत होतं ते गाडीचं छत आणि त्यावर चिकटवलेलं अ अननसाचा, आ आंब्याचा. साडेअकरा वाजायला आले. मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, कुठं हाव? आजूबाजूच्या कोपीतल्या पूजा झाल्या. बाराच्या आत झाली पाहिजे. बारा वाजले तर मलाच मांडावी लागंल." मागे दादांनी ते ऐकलं. पटका सारखा करत राहिले.

आणि मग मी काच खाली घेतली.

फक्त चार बोटं घेतली होती. बांधावर उभ्या असलेल्या एका बाप्याला विचारलं, "मामा, शिरूरकडचा मळा..." एवढ्यात त्याचा हात आत आला, लॉक वर झालं आणि दार उघडलं. "पाव्हणं, येळवशीला कुणी रस्ता इचारत असतंय व्हय? उतरा. गाडी सावलीत घ्या." मी म्हटलं, रस्ता तेवढा सांगा. "सांगतो की. जेवता जेवता सांगतो." लोक इतक्या प्रेमाने हुकूम सोडतात, की मी आज्ञाधारकासारखी गाडी कालव्याकडेच्या अरुंद पांदीत घातली आणि बाभळीखाली नेऊन उभी केली. एक म्हातारी ताट घेऊन धावत आली. भज्जीचा वास गाडीत शिरला. मागून दादांचा आवाज आला, "बाबा, माझी पूजा व्हायची हाय. मी कसं खाऊ?"

त्या बाप्याने वाकून आत पाहिलं. गादीवरचा म्हातारा पाहिला, हुकाची पिशवी पाहिली, पटका पाहिला. "कुणाचा मळा?" दादांनी सांगितला. "आरं देवा, आदी सांगायचं न्हाई का! त्यो मळा पल्याड. पाण्याच्या टाकीपासनं उजव्या हाताला. पाच मिनटाचं काम हाय. चला, गाडी मागं घ्या."

पांदीत एका बाजूला कालवा, दुसरीकडे तूर, वळायला जागा नाही. मी म्हटलं, "तुम्हीच घेता का मागं?" तो म्हणाला, "मला बैल मागं घेता येतेत."

गिअर ओढून पाहिला, गाडी पुढे सरकली. आणखी ओढला, बंद पडली. पावणेबारा. बायकोने आप्पांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी सगळी कबुली दिली. आप्पा ओरडले नाहीत. म्हणाले, "आरशात काय दिसतंय?"

"तूर."

"दुसऱ्या आरशात?"

"एक म्हातारी. हसून राहिली."

"म्हातारीला बाजूला घ्या. आता गिअर खाली दाबा. दाबला? आता दम धरा." मी दम धरला. सगळेच दम धरून होते. बाभळीखाली ताट घेऊन उभी असलेली म्हातारीसुद्धा. आणि त्या शांततेत फोनमधून, आप्पांच्या मागून, कुकरची शिट्टी ऐकू आली. एक. मग दुसरी. बायकोने माझ्याकडे पाहिलं. "आप्पा," ती म्हणाली, "तुम्ही कुठे आहात?"

"घरी."

"नांदेडला? येळवशीला कुकर?"

पलीकडे तिसरी शिट्टी झाली. मग म्हणाले, "खिचडी टाकलीया हिनं. ते जाऊ द्या ताई. पाव्हणं, आता वढा मागं, सावकाश."

"गाडी आमच्याकडे आहे म्हणून तुम्ही गेला नाहीत?" बायको ऐकेना.

"हिला गुडघ्यामुळं एसटीची पायरी चढवत न्हाई. अन हिला सोडून मी एकटा जाऊन काय भज्जी खाऊ? मुरुडला भाऊ हाय, त्यो करतोय पूजा. माझं शेत पुढल्या साली बी तिथंच हाय." आणि लगेच आवाज चढवून, "पाव्हणं! क्लच सोडू नका. आरशाकडं बघा, ताईकडं न्हाई!"

मुरुडच्या माणसाने येळवशीच्या दुपारी नांदेडच्या घरात कुकरमधली खिचडी खायची, हे काय असतं ते लातूरकडच्या माणसालाच कळेल. मला आतून इतकं लाजल्यासारखं झालं, की रिव्हर्सची भीतीच निघून गेली. आप्पा फोनवरून बोलत राहिले, "जरा डावीकडं... बास... सोडा... आता हलकं", आणि मी आयुष्यात पहिल्यांदा दोनशे फूट मागे आलो. म्हातारी, तो बाप्या आणि त्यांची सगळी मंडळी पांदीच्या तोंडापर्यंत पळत आली. गाडी रस्त्याला लागली तेव्हा आप्पांनी विचारलं, "खरचटली का?" मी नाही म्हटलं. "मग पळवा," आप्पा म्हणाले. सगळ्या शिक्षणात हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नव्हता.

पोचलो तेव्हा बाराला चार मिनिटं होती. मेव्हणा कोपीपाशी हातात निरांजन घेऊन उभा होता. आम्हाला पाहून त्याने ते खाली ठेवलं. चौघांनी दादांना खुर्चीत बसवून कोपीपर्यंत नेलं. पूजा त्यांनीच केली. कुंकू एका पांडवाला जास्त लागलं, एकाला कमी. मग त्यांनी आंबिलीचं भांडं मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "फिरवा मला." खुर्ची उचलून आम्ही बांधाने निघालो. दादा पिकावर आंबील शिंपडत होते आणि हाळी देत होते. पहिली हाळी इतकी बारीक आली, की पुढे चालणाऱ्या मेव्हण्यालाही ऐकू गेली नाही. दुसरी जरा बरी. तिसऱ्या कोपऱ्यावर त्यांनी श्वास घेतला, मान वर केली आणि अशी हाळी दिली, की पलीकडच्या मळ्यातून कुणीतरी तसंच ओरडून उत्तर दिलं. दादा हसले. खुर्चीचा एक पाय माझ्या हातात होता आणि बायको समोरून चालत होती. ती रडत होती की ऊन डोळ्यांवर आलं होतं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी परत करायला आम्ही दोघं गेलो. बायकोने भज्जीचा मोठा डबा, उंडे आणि बरणीभर आंबील आणली होती. आप्पा आधी गाडीभोवती फिरले, चाकांशी वाकले, दारावर हात फिरवला, मागे डोकावले. त्यांच्या पत्नी गुडघ्यावर हात ठेवत बाहेर आल्या, डबा उघडला आणि तिथेच ओट्यावर बसून वासच घेत राहिल्या. "शेपू हाय ह्याच्यात," त्या म्हणाल्या, "आमच्याकडंबी टाकतेत." आप्पांनी उभ्या उभ्याच बोटाने थोडी भज्जी तोंडात घातली. मी काहीतरी बोलायचं ठरवून आलो होतो. तयारी केलेलं एक वाक्य होतं, "आप्पा, तुमच्यामुळे" अशी सुरुवात होती त्याची. ते म्हणायला तोंड उघडलं, तर आप्पांनीच विचारलं, "दादांनी हाळी दिली का?"

एवढ्या सगळ्या फोनांनंतर माणसाबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न.

"दिली."

"लांबवर गेली?"

"पलीकडच्या मळ्यातून उत्तर आलं."

आप्पांनी मान हलवली, आणखी एक घास घेतला आणि तोंड वळवून गाडीच्या मागच्या सीटा बसवायला लागले. पाना हातात होता, पण नट सापडेना त्यांना बराच वेळ. तयारी केलेलं वाक्य मी तसंच परत आणलं.

दादा आता अंगणापर्यंतही फारसे येत नाहीत. दिवसभर पडून असतात. कधी डोळा लागलेला असतो, कधी नसतो. पण कुणी भेटायला आलं तर आवर्जून सांगतात, की औंदा मी येळवस केली, जावयानं गाडी हाणली, अन मळ्यातनं उत्तर आलं. जावयाने गाडी कशी हाणली ते ते सांगत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

आप्पांच्या घरून परत येताना रिक्षात मी बायकोला म्हणालो, "आप्पांना काहीतरी द्यायला पाहिजे. शाल देऊ का चांगलीशी?"

"शाल नको," ती म्हणाली. "पुढच्या येळवशीला त्यांच्या शेतात जेवायला जाऊ. दादांना घेऊन." रिक्षा गोदावरीच्या पुलावर आली तोवर ती बाहेर बघत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आणि दादांचं नाहीच जमलं, तर आपण दोघं जाऊ. एसटीनं."